पायात काटा, जांघेत गाठ

आप्पांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तो सोमवारी, बांधावरून घरी येताना. त्यांनी तो चिमट्याने ओढून काढला, वर हळद दाबली आणि विसरून गेले. गुरुवारी टाच ठणकायला लागली, जांघेत सुपारीएवढी गाठ आली, अंगात कणकण भरली. शुक्रवारी डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला, आत राहिलेलं काट्याचं टोक काढलं, गोळ्या दिल्या आणि रक्त तपासायला घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी १३,८००. शेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं : ४,००० ते ११,०००.

आप्पा म्हणजे माझे वडील. पायदळात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार होऊन परतलेले. तो कागद त्यांनी सोप्यावर बसलेल्या सगळ्यांना दहावीच्या निकालासारखा वाचून दाखवला. भावाला बघायला आलेली माझी आत्या पलीकडे खुर्चीत होती. ती त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. आधी सरकारी दवाखान्यात सिस्टर, नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी. तिच्या दोन्ही हातांना मनगटाच्या वरपर्यंत कोड आहे. आम्ही लहानपणापासून तेच हात बघत आलो, त्यामुळे आमच्या ते लक्षातही राहत नाही.

त्या रात्री दोघांचं जे झालं त्याला भांडण म्हणावं की शिकवणी, ते मला ठरवता आलेलं नाही. मी मध्ये पडलो तो फक्त चहा आणि खरवस आणण्यापुरता.

आप्पा : बघ अक्का, फौज वाढलीय. अकरा हजारांची मंजुरी, पावणेचौदा हजारांच्या वर उभी केली. ह्या वयात! दोन हजार वीसपासून रोज गुळवेलीचा काढा घेतोय, तो काय फुकट?

आत्या : काढा घेतला नसतास तरी वाढल्या असत्या. जंतू आत शिरले की हाडांच्या मगजातून जास्तीच्या पेशी रक्तात उतरतात, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यात कौतुक कसलं? आणि काढ्याचं म्हणशील, तर २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे सहा रुग्ण नोंदवले होते. सगळ्यांच्या यकृताला इजा झालेली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष पटला नाही, वाद झाला. पण एवढं तरी कळावं, की जे रोज पोटात जातं त्याला विचारपूस हवी.

आप्पा : ते राहू दे. पण फौज आहे हे तर खरं ना? कातडी म्हणजे सरहद्द. काट्याने सरहद्द फोडली, शत्रू आत आला, आपले जवान धावले, चकमक झाली. ताप, सूज, ठणका हा सगळा त्या चकमकीचा धुरळा. यात चूक काय आहे?

आत्या : चूक नाही. अर्धं आहे. काट्यावरूनच सांगते. १८८२ साली मेचनिकॉफ नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ सिसिलीत, मेसिना गावी समुद्राकाठी राहत होता. तारामाशाचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले, हा एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसलेला. त्याला वाटलं, या पिल्लाच्या अंगात काटा खुपसला तर काय होईल? बागेतले काटे आणले आणि टोचून ठेवले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी बघतो, तर काट्याभोवती पेशींचा गराडा. त्या काट्याला खाऊ बघत होत्या.

आप्पा : माझ्या टाचेत जे झालं तेच.

आत्या : तेच. त्याने त्यांना भक्षक पेशी म्हटलं. तुझी फौज त्याला सापडली म्हण. पण त्याच काळात जर्मनीत दुसरी मंडळी वेगळंच सांगत होती. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलं, की धनुर्वाताचं विष थोडंथोडं टोचलेल्या जनावराच्या रक्तातल्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, त्या विषाचा उतारा तयार होतो. पेशी नकोत, नुसतं सीरम दुसऱ्या जनावराला दिलं तरी ते वाचतं. मग पॉल एर्लिख म्हणाला, पेशींच्या अंगावर कुलपाच्या भोकासारखे खाचे असतात, ज्याचा त्यालाच बसणारे. तेच सुटून रक्तात फिरतात. आपण त्यांना प्रतिपिंडं म्हणतो. एक म्हणे खाणाऱ्या पेशी खऱ्या, दुसरा म्हणे ओळखणारा रस खरा. वर्षानुवर्षं वाद चालला.

आप्पा : जिंकलं कोण?

आत्या : १९०८ चं नोबेल दोघांना मिळून दिलं.

आप्पा : म्हणजे बरोबरीत सुटला सामना.

आत्या : नाही, दोघांच्या हातात एकेक तुकडा होता. मला सांग, काटा कुठं लागला?

आप्पा : टाचेत.

आत्या : आणि गाठ?

आप्पा : जांघेत. अवधाण आलंय. आई म्हणायची ना, पायाला लागलं की जांघेत अवधाण, हाताला लागलं की काखेत.

आत्या : लढाई टाचेत चाललीय, मग तुझी फौज जांघेत काय करतेय?

आप्पांनी गाठीवर हात ठेवला. पन्नास-साठ वर्षं हा शब्द तोंडात असूनही तो प्रश्न त्यांना पडला नव्हता. मलाही नाही.

आत्या : टाचेवर जे आधी धावले ते तुझे जवान. त्यांना समोरच्याचा चेहरा कळत नाही, गणवेश कळतो. जंतूंच्या आवरणात काही ठरावीक नक्षी असते, आपल्या पेशींत ती नसते. ती दिसली की तुटून पडायचं. हे काम काही तासांत सुरू होतं. पण तिथंच आणखी एका जातीच्या पेशी असतात, डेंड्रायटिक म्हणतात त्यांना. त्या लढत नाहीत. जंतूचा एक तुकडा उचलतात आणि लसिकेच्या वाटेने जवळच्या गाठीत नेऊन दाखवतात. टाचेपासून जवळची मोठी ठाणी गुडघ्यामागं आणि जांघेत. अशा पाच-सहाशे गाठी आहेत अंगात.

आप्पा : ठाणं म्हणजे हेडक्वार्टर. खबर पोचवली.

आत्या : हेडक्वार्टर नाही, चावडी म्हण. तिथं हुकूम देणारा साहेब कोणी नसतो. लाखो लिम्फोसाइट पेशी येऊन-जाऊन असतात आणि प्रत्येकीच्या अंगावर एर्लिखचा तो एकच एक खाचा. आणलेला तुकडा एकीला दाखव, दुसरीला दाखव, बहुतेकींना तो बसत नाही. एखादीला बसतो. मग ती वाढायला लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. पाच-सात दिवसांत एकाच घराण्याची हजारो पोरं. तुझ्या जांघेत जी सुपारी लागतेय ना, ती त्या घराण्याची दाटी आहे.

आप्पा : पाच-सात दिवस? तोवर शत्रू गाव लुटून जाईल की.

आत्या : म्हणून आधी टाचेवरची तुकडी लागते. ती थोपवून धरते, चावडीवर ओळख पटते. आणि चावडीच शत्रूच्या हातात गेली तर काय होतं तेही आपल्याकडं माणसांनी बघितलंय. आजीला जांघेतल्या गाठीची एवढी भीती का वाटायची, आठवतं?

आप्पा : प्लेग. ग्रंथिक सन्निपात म्हणायचे.

आत्या : प्लेगचा जंतू भक्षक पेशीच्या पोटात जाऊनही मरत नाही. तिच्याच खांद्यावर बसून गाठीत पोचतो आणि तिथं वाढतो. म्हणून ती गाठ. १८९७ मध्ये पुण्यात गोरे सोजिर घरात शिरून बायकामाणसांच्या काखा-जांघा तपासत होते, ते ह्याच गाठीसाठी. त्यातून प्लेग अधिकारी रँडवर गोळी चालली. सावित्रीबाई फुले त्याच साथीत, १० मार्चला, रोग्यांची सेवा करताना गेल्या. आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत हाफकिनने प्लेगची लस बनवून १० तारखेला आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. हा हाफकिन कोणाचा विद्यार्थी, माहीत आहे? ओडेसाला मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला. तारामाशाच्या काट्यापासून परळच्या हाफकिन संस्थेपर्यंत एकच धागा आहे.

मी चहा ठेवला. आप्पांनी कप उचलला, पण डोळे अक्कावर.

आप्पा : एक विचारतो. शत्रू कोण येणार ते आधी माहीत नाही. मग प्रत्येक शत्रूचा खाचा अंगावर घेतलेली पेशी आधीपासून कशी तयार? हजार जंतू असतील तर हजार पेशी, पण उद्या एखादा नवा आला तर?

आत्या : ह्या प्रश्नाने मोठमोठ्यांना घोळात घातलं होतं. माणसाच्या अंगात प्रथिनांची जनुकं साधारण वीस हजार. त्यात कोट्यवधी प्रतिपिंडांच्या कृती मावणार कुठं? तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दाखवलं, की पेशी घडताना प्रतिपिंडांच्या जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडले जातात. प्रत्येक पेशीत वेगळी जुळणी. १९८७ चं नोबेल त्याचं. बाराखडी किती लहान, पण अक्षरं कशीही जोडत गेलास तर लाखो शब्द होतील. बरेचसे निरर्थक. तरी त्यात कुणाचं ना कुणाचं नाव निघतंच. जगात अजून न जन्मलेल्या जंतूचंसुद्धा.

आप्पा : आणि आपलं स्वतःचं?

आत्या हसली. वर्गात हुशार पोरगी पुढच्या धड्यातला प्रश्न आधीच विचारते तेव्हा हसत असेल तशी.

आत्या : तेच तर. अक्षरं डोळे मिटून जोडली, तर तुझंही नाव निघणार. तुझ्या यकृताला, सांध्याला, डोळ्याला बसणारा खाचा घेऊन पेशी जन्मणारच. म्हणून छातीच्या मधल्या हाडामागे एक ग्रंथी ठेवलीय, थायमस. टी पेशींतला टी त्याच्यावरूनच. १९६१ पर्यंत ती कशासाठी आहे हे कुणाला धड माहीत नव्हतं. मिलर नावाच्या शास्त्रज्ञाने उंदराच्या नवजात पिल्लांची थायमस काढून बघितली, तेव्हा तिचं काम कळलं. तिथं टी पेशींची परीक्षा होते.

आप्पा : रंगरूटांचं ट्रेनिंग सेंटर! धावणं, निशाणा, भार उचलणं...

आत्या : त्यातलं काही नाही. तिथं फक्त आपल्याच शरीराचे तुकडे दाखवतात. जिला ते अजिबात कळत नाहीत ती पेशी निकामी, मरते. जी त्यांच्यावर चवताळून धावते तिलाही मारतात. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त तिथंच संपतात. उरतात त्या, ज्या आपल्याला ओळखतात आणि आपल्यावर हात उचलत नाहीत.

आप्पा : शंभरातले पंच्याण्णव रंगरूट? अशी फौज मी जगात कुठं ऐकली नाही. आमच्याकडं नापास झाला तर घरी पाठवतात.

आत्या : मग तूच सांग, ही फौज आहे का? ह्या शब्दाशी माझं भांडण आहे आप्पा. रोगप्रतिकारशक्ती. त्यातल्या ‘शक्ती’नं सगळा घोटाळा केलाय. शक्ती म्हटलं की माणूस ती वाढवायला जातो. भुकटी घे, काढा घे. जी वाढवायची ती शक्ती, आणि जितकी जास्त तितकी चांगली. अरे, ज्या पेशी थायमसमध्ये मेल्या त्या सगळ्याच दुबळ्या नव्हत्या. त्यातल्या कित्येक भलत्याच जोरकस होत्या. जोर जास्त म्हणून मेल्या. शरीर जे जपतंय ती पारख आहे.

मी खरवसाच्या वड्या आणल्या. शेजारची गाय व्याली होती. आप्पांनी दोन उचलल्या.

आप्पा : हे तरी शक्तीचं आहे, का ह्यातही खोट काढणार?

आत्या : वासरासाठी आहे. गाईच्या वारेतून पोटातल्या वासराला प्रतिपिंडं मिळत नाहीत. ते जवळजवळ कोऱ्या रक्ताने जन्मतं. पहिल्या चोवीस तासांत त्याचं आतडं उघडं असतं, तेवढ्यात चीक पोटात गेला तर आईची ओळखपाळख रक्तात उतरते, नाहीतर दार बंद. तू तो गूळ-वेलची घालून उकडलास आणि तुझं दार सत्तर वर्षांपूर्वीच बंद झालं. तुझ्यासाठी तो गोड पदार्थ. खा, पण पहिली धार वासराची. माणसाचं बाळ थोडं नशिबवान, त्याला आईकडून वारेतूनच बरंचसं मिळतं. तरी चीक ओतून देणाऱ्या सासवांशी मी किती भांडलेय ते मलाच माहीत.

आप्पा : बरं, आईकडून उसनी मिळाली. पुढं स्वतःची ओळख किती टिकते? माझ्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे. सत्तरी आली. आतला शिपाई अजून जागा आहे, का तोही रिटायर?

आत्या : फेरो बेटांची गोष्ट सांगते. उत्तर अटलांटिकमधली एकाकी बेटं. १७८१ मध्ये तिथं गोवराची साथ आली, मग पासष्ट वर्षं गोवर फिरकलाच नाही. १८४६ मध्ये पुन्हा आला. वस्ती पावणेआठ हजारांच्या घरात, त्यातले सहा हजारांवर आजारी. पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर फिरला. त्याच्या लक्षात आलं, की १७८१ चा गोवर अंगावर काढलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो परत झाला नाही. पासष्ट वर्षं मध्ये शत्रूचं तोंडही बघितलं नव्हतं.

आप्पा : जुना हवालदार. चेहरा विसरत नाही.

आत्या : २००८ मध्ये तर १९१८ च्या फ्लूच्या तापातून वाचलेल्या, नव्वदीपार झालेल्या माणसांच्या रक्तात त्या तापाला ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. लस म्हणजे तरी काय? रोग न देता ओळख करून देणं. हिंदुस्थानातली देवीची पहिली लस मुंबईत, १४ जून १८०२ ला, तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. मध्ये कोणाची ‘शक्ती’ वाढवलेली नव्हती. प्रत्येक दंडावर एक चेहरा गोंदवला होता, बस.

आप्पा : मग एकदा रोग होऊन गेला की लस कशाला?

आत्या : सगळे रोग एकसारखे नाहीत. धनुर्वाताचं विष इतकं जहाल, की माणूस मरायला जेवढं लागतं तेवढ्यात ओळखही पुरती पटत नाही. धनुर्वात होऊन वाचलेल्यालाही लस द्यावी लागते. आणि गोवर तर दप्तरच जाळतो. २०१९ मध्ये दिसलं, की गोवर झालेल्या मुलांची बाकीच्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडं अकरापासून त्र्याहत्तर टक्क्यांपर्यंत पुसली गेली होती. बरं, तू धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का?

आप्पा : घेतलं. विषय बदलू नकोस. मी आता तुला धरतो. तू पारख, ओळख म्हणतेस. नुसतं ओळखून काय होतं? चोर ओळखला आणि हातात काठी नसली तर? २०२१ मध्ये आपल्या तालुक्यात काळी बुरशी आली. लोकांचे डोळे काढावे लागले. साखर वाढलेली, वर स्टिरॉइड भरमसाट दिलेली. फौज झोपवली आणि जी बुरशी एरवी शेणाच्या ढिगावर असते ती मेंदूपर्यंत गेली. तेव्हा तुझी पारख कुठं होती? ओळखणारे होते, मारणारे नव्हते.

आत्या गप्प झाली. हा वार तिला लागला हे माझ्याही लक्षात आलं.

आत्या : हे तुझं बरोबर आहे. उपाशी, कुपोषित पोरांना मी साध्या जुलाबाने जाताना बघितलंय. त्यांच्यात जोरच नव्हता. पोटभर अन्न, झोप, आटोक्यात साखर, ह्याला पर्याय नाही. पण त्याच स्टिरॉइडची दुसरी बाजू ऐक. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त औषध दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ते काही विषाणूला मारत नाही, फौजेला आवरतं. म्हणजे त्या टप्प्यावर माणसाला मारत होती ती त्याचीच फौज. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्या औषधाचा फायदा झाला नाही. औषध एकच. वेळ चुकली, प्रमाण चुकलं की तुझी काळी बुरशी. डेंग्यूचं तर आणखी उफराटं. चार प्रकारचे विषाणू. एकाची ओळख झाली आणि दुसरा आला, तर पहिल्याची अर्धवट बसणारी प्रतिपिंडं त्याला मारत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात. दुसऱ्या वेळचा डेंग्यू म्हणून जास्त धोक्याचा. अर्धवट ओळख अनोळखीपेक्षा वाईट.

आप्पा : अक्का, तुम्ही सिव्हिलियन लोकांना वाटतं, फौज म्हणजे गोळीबार. अठ्ठावीस वर्षांत मी गोळ्या किती झाडल्या असतील? त्याच्या हजारपट वेळा मी पहाऱ्यावर उभा राहून म्हटलंय, ‘थम, कौन आता है?’ अंधारात सावली दिसली की आधी विचारायचं. उत्तर बरोबर आलं तर बोट घोड्यावरून काढायचं. नव्या पोराला निशाणा महिन्यात येतो. बोट काढायला शिकवण्यात वर्ष जातं. आणि एवढं करूनही कोणी पिसाटला तर आमच्यातच मिलिटरी पोलीस असतात. पारख फौजेच्या बाहेरची गोष्ट आहे असं तू का धरून चाललीस?

आत्या : (जरा वेळाने) मिलिटरी पोलीस. ह्याच्यावरच २०२५ चं नोबेल दिलं, तुला ठाऊक आहे?

आप्पा : कशावर?

आत्या : थायमसची परीक्षा कितीही कडक असली तरी काही चुकार पेशी निसटतात. तुझ्यामाझ्या, सगळ्यांच्याच अंगात त्या फिरतायत. मग आपण सगळे आजारी का नाही? जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस काढली, तर त्याच्या पेशी त्याच्याच अवयवांवर उठतात. जपानच्या साकागुचीला वाटलं, फौजेला आवरणारं कोणीतरी त्या ग्रंथीतून उशिरा बाहेर पडत असणार. १९९५ मध्ये त्याने त्या पेशी दाखवल्या. रेग्युलेटरी टी पेशी. अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१ मध्ये ते जनुक सापडलं, ज्याच्याशिवाय ह्या पेशी घडत नाहीत. तिघांना मिळून नोबेल. तुझे मिलिटरी पोलीस.

आप्पा : म्हणजे शिस्त. मी शक्ती म्हणतो ती हीच. शिस्त नसेल तर फौज नाही, जमाव आहे.

आत्या : मान्य. पण शिस्तीचा काढा मिळत नाही बाजारात.

आप्पा मोठ्याने हसले. आत्या हसली नाही. तिने दोन्ही हात पुढे करून दिव्याच्या उजेडात धरले. गुलाबीसर पांढरे, कडांना नकाशासारखी वळणं.

आत्या : हे बघ. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. माझ्या टी पेशींना त्या परक्या वाटल्या. एकोणीस वर्षांची होते मी. लोक म्हणाले मासे-दूध एकत्र खाल्लं असेल, कोणी म्हणालं कुणाचा तरी शाप, कोणी महारोग समजून पाणी द्यायचं बंद केलं. कोड लागत नाही, पसरत नाही एकातून दुसऱ्यात, हे मी किती जणांना सांगितलं असेल. वॉर्डात सुई घेऊन गेले की बायका म्हणायच्या, दुसऱ्या सिस्टरला पाठवा. आलेली स्थळं हात बघून परत गेली. तुला आठवतंय. डोक्यावर चाई पडते तीही हीच तऱ्हा, तिथं केसांच्या मुळांवर डोळा. कुणाच्या सांध्यांवर, कुणाच्या इन्शुलिनवर. माझ्या पेशी शूर आहेत आप्पा. कामात एक दिवस कुचराई नाही. पन्नास वर्षं त्या मारतायत. फक्त ज्याला मारतायत ती मी आहे. आणि लोक मला सांगतात, सिस्टर, प्रतिकारशक्ती वाढवा.

बराच वेळ कोणी बोललं नाही. बाहेर गाय हंबरली, वासराने उत्तर दिलं.

आप्पा : तुझे मिलिटरी पोलीस कुठं होते?

आत्या : तेच शोधतायत. कमी होते, का झोपले होते, का चुकारांनी त्यांचं ऐकलं नाही. आवर घालणारी नवी मलमं निघालीयत, काहींचा रंग परत येतो. आता ह्या वयात मला तो कशाला? पण नर्सिंगच्या पोरींना मी पहिल्या तासाला हेच हात दाखवायचे. म्हणायचे, पुस्तकातलं पहिलं वाक्य खोडा. शरीर रोगाशी लढतं, असं लिहिलंय. शरीर आधी विचारतं, हा कोण? लढायचं ते नंतर.

आप्पा : थम, कौन आता है.

आत्या : हो. तुझ्याकडून तेवढं घेतलं मी आज.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आत्या गेली. आप्पा लंगडत स्टँडपर्यंत आले, तिची पिशवी वर दिली आणि पायरी चढताना तिचा हात धरला. मंगळवारी रक्त पुन्हा तपासलं. पांढऱ्या पेशी ८,२००. गाठ बोटाला लागेनाशी झाली होती. आप्पांनी हाही कागद सोप्यावर सगळ्यांना वाचून दाखवला, तितक्याच तोऱ्यात. आकडा उतरल्याचा एवढा अभिमान मी कधी बघितला नव्हता. मग त्यांनी फोन लावला.

“अक्का, आठ हजार दोनशे. लढाई संपली, सगळे बरॅकीत परत आले.”

फोन स्पीकरवर होता. आत्याचा आवाज आला, “सगळे कुठं रे? शुक्रवारी डॉक्टरने टाचेतून पू काढला, तो काय होता? तेच होते की. जे पहिल्यांदा काट्यावर धावले ते. एकदा तिथं गेले की परत येत नाहीत.”

आप्पा थोडा वेळ टाचेकडे बघत राहिले. पट्टीखालची जखम भरत आली होती.

“मग त्यांची हजेरी राहिली,” ते म्हणाले, आणि पाय हळूच खाली टेकवला.